बुऱ्हाणपूर ते प्रकाशा : आखाजीच्या उन्हात तापीच्या वाटेने

खानदेशात चैत्र-वैशाखात हिंडू नये, असे खानदेशातले लोकच सांगतात, आणि भुसावळचे ऊन ज्याने एकदा अंगावर घेतले आहे त्याला ते पटवून द्यावे लागत नाही. तरीही पाणी पाहायला निघायचे तर याच दिवसांत निघायला हवे, यावर माझे आणि माझ्या जळगावकर मित्राचे एकमत झाले, कारण श्रावणात सगळीच गावे सुखी दिसतात. मित्र पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेला. गाडी त्याची, ओळखी त्याच्या आणि वादही बहुतेक त्यानेच उकरून काढलेले. तापीच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे आणि माणसे पाणी कुठून आणतात, कसे साठवतात व कसे वाटून घेतात ते पाहायचे, एवढाच बेत होता.

शुक्रवार : बुऱ्हाणपूर

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी ते जुन्या खानदेशाचे राजधानीचे शहर. फारुकी सुलतानांनी ते वसवले आणि १६०१ साली अकबराने असीरगड घेतल्यावर ते मोगलांकडे गेले. दक्षिणेच्या मोहिमांचे हे ठाणे झाल्यावर फौजफाटा वाढला आणि एवढ्या माणसांना बारमाही, स्वच्छ पाणी पुरवायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. तापी शेजारूनच वाहते. पण वेढा पडला तर नदीचे पाणी शत्रूच्या हाती जाणार, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना कळत होते. म्हणून १६१५ च्या सुमारास सुभेदार अब्दुल रहीम खानखाना यांनी तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाकडून जमिनीखालची एक योजना करवून घेतली. तीच कुंडी भंडारा, किंवा लोकांच्या तोंडी खूनी भंडारा.

योजनेचे तत्त्व इतके साधे आहे की प्रथम विश्वास बसत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे सरकत असते. ते वाटेत अडवून किंचित उताराच्या भुयारात घ्यायचे आणि शहराकडे आणायचे. भुयार खोदण्यासाठी, हवा खेळण्यासाठी आणि साफसफाईसाठी वरून ठरावीक अंतरावर गोल कुंड्या काढलेल्या आहेत; त्यांची संख्या शंभरच्या वर आहे. रहाट नाही, मोट नाही, पंप तर नाहीच. इराणात या पद्धतीला कनात म्हणतात आणि तिथे ती हजारो वर्षे चालत आली आहे.

रखवालदाराबरोबर आम्ही एका कुंडीतून सुमारे ८० फूट खाली उतरलो. वर ४२ अंशांचे ऊन होते आणि खाली पाय बुडतील एवढे गार, नितळ पाणी संथपणे सरकत होते. बॅटरीच्या उजेडात भुयाराच्या भिंती पांढऱ्याशुभ्र दिसल्या. तो चुना लावलेला नव्हता. पाण्यात विरघळलेला कॅल्शियम शतकानुशतके भिंतींवर बसत गेला आहे आणि त्यामुळे भुयार ठिकठिकाणी अरुंद झाले आहे. मित्राने भिंतीवर नख घासून पाहिले आणि म्हणाला, ‘‘आमच्या खात्यात हे घडले असते तर नवीन योजनेची निविदा निघाली असती.’’ चारशे वर्षांनंतरही हे पाणी वाहते आहे. धोका आहे तो आसपास वाढलेल्या कूपनलिकांचा आणि पायथ्याच्या तुटत्या जंगलाचा. २०२४ साली या योजनेचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेले.

जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या बुऱ्हाणपूरला थांबतात. भंडारा शहराबाहेर काही किलोमीटरवर आहे, रिक्षा मिळते; मात्र खाली उतरण्याची लिफ्ट चालू आहे की नाही याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. परतताना माव्याची जिलेबी खावी, आणि शक्यतो एकाच बशीवर थांबावे.

शनिवार : चांगदेव, हतनूर आणि केळीचा पट्टा

सकाळी लवकर मुक्ताईनगर तालुक्यातल्या चांगदेव गावी पोहोचलो. इथे पूर्णा तापीला मिळते. संगमावरचे चांगदेवाचे जुने दगडी देऊळ पाहण्यासारखे आहे आणि त्याच्या सावलीत बसले की खालचे विस्तीर्ण पाणी पाहून खानदेशात टंचाई आहे हे कोणाला खरे वाटणार नाही. हे पाणी अर्थात हतनूर धरणाचा फुगवटा. शिवाय पूर्णा येते तीच खारपाणपट्ट्यातून. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या त्या पट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते खारट. पिण्याला नाही आणि पिकालाही धड नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. दुसरा स्रोत नसणे ही सवलत मोठी विचित्र आहे, पण लाखो लोक तिच्या आधारावरच जगतात.

हतनूरला फार वेळ घालवला नाही. धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि पोटात गाळ आहे. पावसाळ्यात हे दरवाजे उघडल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्याच पाण्यावर भुसावळ, रेल्वे, वीजकेंद्र आणि आयुध कारखाने उन्हाळा काढतात, ही बातमी सहसा होत नाही.

दुपारी यावल-रावेरच्या केळीत शिरलो. बाहेर लू वाहत असताना केळीच्या बागेतली सावली अंगावर आली की माणूस सगळे आकडे विसरतो. शेताच्या मालकाने, वयाने सत्तरीच्या पुढच्या आबांनी, आम्हाला खाटेवर बसवले आणि कळण्याची भाकरी, ठेचा आणि ताक समोर ठेवले. त्यांच्या लहानपणी विहिरीतले पाणी मोटेने निघत असे. आता कूपनलिका शेकडो फूट खाली गेली आहे, तिच्याही खाली दुसरी गेली आहे आणि मोटारीची केबल ओढायला यंत्र लागते. रावेर आणि यावल हे दोन्ही तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी सरकारी नोंदीत वर्षानुवर्षे आहेत.

मित्राने तिथेच हिशेब मांडला. पाच बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरी सुमारे १७४० झाडे बसतात. ऐन उन्हाळ्यात ठिबकनेसुद्धा झाडाला दिवसाला २० लिटरांच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एका एकराला रोज सुमारे ३५ हजार लिटर. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसाला दिवसाला ५५ लिटर धरलेले आहेत. त्या मापाने एका एकरात सहाशेहून अधिक माणसांचे पाणी रोज जिरते. आबा ऐकत होते. मग ते शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, तुम्ही मुंबई-पुण्याला केळं खाता तवा त्यातलं पानी आमी मोजतो का?’’ या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. जगभर माणूस नद्या-विहिरींतून जेवढे पाणी उपसतो त्यातले सुमारे ७० टक्के शेतीत जाते, आणि ते शेतकरी पीत नाही. ठिबक जळगाव जिल्ह्यात देशाच्या पुष्कळ आधी रुजले, त्याने झाडामागचे पाणी वाचवलेही; पण वाचलेल्या पाण्यावर आणखी झाडे लागली, हेही या पट्ट्यात डोळ्यांना दिसते.

सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा एक पट्टा आहे. डोंगरातून धावत आलेला नाला तिथे पोहोचला की जमिनीत गुडूप होतो. पावसाळ्यात तापीतून समुद्राकडे जाणारे पुराचे पाणी कालव्याने या पट्ट्यात सोडायचे आणि जमिनीच्या पोटात भरायचे, अशी तापी महापुनर्भरण योजना आहे. तिच्यासाठी २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. बुऱ्हाणपूरच्या भुयाराला पाणी मिळते ते याच रचनेतून. फरक एवढाच की तिथे जे मुरले तेवढेच घेतले जात होते.

रविवार : आखाजी

मित्राच्या मोठ्या बहिणीचे, अक्कांचे, घर एका तालुक्याच्या गावी आहे; गावाचे नाव मुद्दाम देत नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातला मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि पितरांच्या नावाने घागर भरतात. अक्कांनी नवी मातीची घागर धुऊन पाण्याने काठोकाठ भरली, तिच्यावर पाण्याचे लहान मडके ठेवले, त्यावर डांगर (खरबूज), आंबा आणि सांजोरी मांडली, कुंकवाची बोटे ओढली आणि नमस्कार केला. वैशाखात मेलेल्या माणसांनाही तहान लागत असेल, असे ज्या मुलखाला वाटले त्या मुलखाला पाण्याचे महत्त्व बाहेरच्यांनी येऊन शिकवायला नको.

घागर भरली ती मात्र ड्रममधल्या पाण्याने. ‘‘नळ येवाले आखो तीन दिन शेतस,’’ अक्का म्हणाल्या; नळ यायला अजून तीन दिवस होते. या गावाला उन्हाळ्यात आठ-नऊ दिवसांनी पाणी सुटते. मोरीत दोन निळे ड्रम, अंगणात सिमेंटची टाकी, गच्चीवर काळी टाकी, स्वयंपाकघरात कळशा, माठ आणि तुरटीचा खडा अशी सगळी तयारी आहे. नळ आला की गल्लीत एकाच वेळी मोटारी सुरू होतात, कारण ज्याची मोटार नाही त्याच्याकडे पाणी चढत नाही. मग आधीचे उरलेले पाणी ‘शिळे’ म्हणून ओतून दिले जाते. झाकलेल्या, स्वच्छ भांड्यातले पाणी नासत नाही, हे मित्राने बहिणीला अनेकदा समजावून पाहिले आहे. तिने ते अजून मानलेले नाही.

या गावातले पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघते तेव्हा चांगलेच असते. पण जलवाहिनी आठवडाभर रिकामी राहिली की तिच्यात दाब उरत नाही. फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटारीचे पाणी आत झिरपते, आणि मोटारींनी ओढ दिली की ते अधिकच शोषले जाते. म्हणून नळ आल्यावर पहिली काही मिनिटे गढूळ पाणी येते. शिवाय साठवलेल्या ड्रमात डेंग्यूचा डास वाढतो. थोडक्यात, पाणी रोज थोडे येण्याऐवजी आठवड्यातून एकदा भरपूर आले, तरी आजाराचे दोन नवे रस्ते उघडतात.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या पाहणीनुसार २०२२ साली जगातल्या सुमारे २२० कोटी लोकांना सुरक्षित व्यवस्थेचे पिण्याचे पाणी मिळत नव्हते. हा आकडा वाचताना आपल्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन आणि डोक्यावर हंडे येतात. पण सुरक्षित व्यवस्थेच्या अटी तीन आहेत : पाणी घराच्या आवारात असावे, लागेल तेव्हा मिळावे आणि ते दूषित नसावे. अक्कांचे घर पक्के आहे, नळ स्वयंपाकघरापर्यंत आहे, पाणीपट्टी वेळेवर भरलेली आहे. पहिली अट पुरी होते, दुसरी होत नाही आणि तिसरीची खात्री कोणी देत नाही. म्हणजे पुरणपोळी आणि आमरस वाढणारे हे खातेपीते घरही त्याच हिशेबात बसते. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहराचे नळ बंद पडायची वेळ आली तेव्हा तिथे माणशी दिवसाला ५० लिटरांची मर्यादा घातली गेली आणि जगभर त्याचा गाजावाजा झाला. आपल्याकडे ५५ लिटर हे गाठायचे उद्दिष्ट आहे. केपटाऊनच्या लोकांवर आणीबाणी म्हणून जे ओढवले, त्याच्या आसपास आपल्या गावांची आकांक्षा आहे, ही गोष्ट मला त्या दिवशी जेवताना फार टोचली.

जेवणाबद्दल तक्रार नाही. खापरावरची पुरणपोळी हाताएवढी मोठी आणि रुमालासारखी पातळ असते. ती रसात बुडवून खाताना बोलायचे नसते.

सोमवार : पांझरेचे फड

सगळ्या प्रवासात मला सर्वाधिक आवडलेला दिवस हा. धुळ्याहून साक्रीकडे जाताना पांझरेच्या काठी जुने दगडी बंधारे लागतात. त्यांच्यावर चालणारी फड पद्धत तीन-चारशे वर्षांपासूनची मानली जाते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार भाग; हे भाग म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, दरवर्षी पिके फडांतून फिरवायची. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असते. त्यामुळे पाणी कमी असेल त्या वर्षी पंच ठरवतात की यंदा चारऐवजी दोनच फड भिजवायचे. आणि मग नुकसान होते ते सगळ्यांचे, सारख्या प्रमाणात. पाटाच्या टोकाचा शेतकरी बुडाला आणि तोंडाचा तरला, असे होत नाही.

एका गावात पाटकरी काम करताना भेटले. साठीचे, पायात चपला नाहीत, खांद्यावर फावडे. पाटातून शेतात पाणी घेण्याच्या तोंडाला बारे म्हणतात. त्यांनी फावड्याचे चार घाव घालून मातीचा बांध फोडला, पाणी वाफ्यात वळले, तसा त्यांनी गवताचा पेंढा आणि चिखल टाकून पुढचा पाट अडवला. मग बांधावर उभे राहून पाणी वाफ्याच्या शेवटच्या सरीला पोहोचेपर्यंत नुसते पाहत राहिले. घाई नव्हती. शेताचा मालक शेजारीच बसून होता, पण त्याने फावड्याला हात लावला नाही. मी त्याचे कारण विचारले तर पाटकरी हसले. ‘‘बारं मीच उघाडस, दुसरं कोनी नही. पानी गावनं शे.’’ पिकाची राखण जागल्या करतो, पाणी पाटकरी देतो, दोघांचे मोल गाव देते. आपल्या शेतात आपणच पाणी घ्यायचे नाही, या एका नियमाने चोरी आणि भांडण यांची निम्मी कारणे संपतात.

मित्राने सांगितलेली एक गोष्ट इथे नोंदवतो. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले तेव्हा सुरुवातीला त्यांची नेमणूक याच भागात होती आणि साक्रीजवळच्या दातर्ती गावी पांझरेच्या पाण्यासाठी त्यांनी वक्रनलिकेचे (सायफनचे) काम केले. पुढे ज्यांनी मोठमोठी धरणे बांधली त्यांनी पाण्याचे पहिले धडे गिरवले ते या काठावर, याचा त्याला कोण अभिमान!

फड पद्धत आता सगळीकडे टिकलेली नाही. वरच्या बाजूला धरणे झाली, नदीचा बारमाही प्रवाह आवर्तनांवर आला, घरोघरी विहिरी व मोटारी झाल्या आणि ज्याच्याकडे स्वतःचे पाणी आहे त्याला पंचांचे ऐकण्याचे कारण उरले नाही. सांघिक व्यवस्था मोडायला कोणी शत्रू लागत नाही, स्वस्त वीज पुरते. मला हे पाहून वाईट वाटले. पण पाटकऱ्यांच्या मुलाला गुजरातेत कारखान्यात जास्त पगार मिळतो, हेही त्यांनीच सांगितले, आणि त्याला परत या असे सांगण्याचा अधिकार आमच्यासारख्या पाहुण्यांना नाही.

संध्याकाळी त्याच गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाणी तपासताना दिसला. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकीत टाकल्यावर गावाच्या शेवटच्या घरातल्या नळाचे पाणी काचेच्या नळीत घ्यायचे, त्यात ओटी या तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवे. टाकीजवळच्या घरी नळी छान पिवळी झाली. शेवटच्या घरी मात्र रंग आलाच नाही. त्याने वहीत तसे लिहिले, पावडरीचे माप वाढवायचे म्हणाला आणि सायकल काढून गेला. पोरगा विशीचा, मानधन किरकोळ. पण त्या गावातल्या लेकरांची पोटे तो कोणत्याही दवाखान्यापेक्षा अधिक सांभाळतो.

फड पाहायचे असतील तर स्थानिक माणूस बरोबर हवाच, कारण रस्त्यावरून पाहिले तर साधे शेत दिसते. धुळ्यात मुक्काम सोयीचा आहे. शेवभाजी तिखट असते. ‘कमी तिखट’ असे सांगितल्यास तुमच्याकडे दयेने पाहिले जाते, तिखटात फरक पडत नाही.

मंगळवार : बारीपाडा

साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या बारीपाड्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या आदिवासी पाड्याभोवतीचा डोंगर उघडा पडला होता आणि बायका पाण्यासाठी लांब चालत. गावाने चैतराम पवार यांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ठरवली, राखणीच्या पाळ्या लावल्या, दंड ठेवला. सुमारे ११०० एकर जंगल परत उभे राहिले आणि विहिरी उन्हाळ्यातही आटेनाशा झाल्या. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

आम्ही गेलो तेव्हा जंगल पानगळीत होते, त्यामुळे छायाचित्रांत दिसते तसे काही हिरवेगार नव्हते. पण पायाखाली पाचोळ्याचा थर घोटाभर होता आणि पाणी मुरते ते तिथेच. विहिरीचे पाणी दोरीने सहज हाती आले. नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ खाल्ली. इथे जायचे तर आधी कळवून जावे. गाव म्हणजे प्रदर्शन नव्हे. पावसाळ्यानंतर भरणारा वनभाज्यांचा महोत्सव गाठता आला तर उत्तम.

बुधवार : धडगावच्या डोंगरात

तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगावला गेलो. हा घाट पावसाळ्यात दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे. उन्हाळ्यातही वळणे सांभाळून घ्यावीत आणि गाडीत इंधन तळोद्यालाच भरावे.

एका पाड्यावर शिक्षकांच्या ओळखीने पोहोचलो. घरे डोंगराच्या सोंडांवर विखुरलेली, आणि पाणी खाली नाल्यात. नाला कोरडा होता. त्याच्या वाळूत गुडघाभर खोल खड्डा काढलेला, त्याला झिरा म्हणतात. एक बाई त्याच्या काठी उकिडवी बसली होती. खड्ड्याच्या तळाशी दोन पसे पाणी. ती वाटीने ते अलगद उचले, गाळ हलू नये म्हणून वाटी तिरपी धरून, आणि फडक्यातून हंड्यात ओते. मग थांबे. पाणी परत गोळा व्हायला काही मिनिटे लागत. तिच्यामागे आणखी तिघी बसल्या होत्या, त्यांत एक शाळकरी मुलगी. हंडा भरायला किती वेळ लागला हे मी घड्याळावर पाहिले नाही, पण आमच्या शिक्षक यजमानांचे सबंध गावाविषयीचे बोलणे तेवढ्यात संपले होते. ज्या घरांच्या आवारात पाणी नाही अशा जगातल्या दर दहापैकी सात घरांत पाणी आणण्याचे काम बायका आणि मुली करतात. त्या रांगेत चौघींपैकी चौघी त्याच होत्या.

याच तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. सरदार सरोवराचे पाणी इथल्या कित्येक गावांच्या उंबऱ्यापर्यंत आले, काही गावे त्यात गेलीही. त्या पाण्याचे कालवे गुजरात आणि राजस्थानपर्यंत पोहोचले. डोंगरावरच्या पाड्यावर ते चढवणे महाग आहे, हे अभियंता म्हणून मित्राने मान्य केले. मग बराच वेळ तो काही बोलला नाही.

शेजारच्या पाड्यावर सौर पॅनेलवर चालणारी दुहेरी पंप योजना पाहिली. एकाच कूपनलिकेत हातपंप आणि विजेचा छोटा पंप बसवतात, ऊन असेपर्यंत टाकी भरते, ऊन नसेल तेव्हा हातपंप आहेच. टाकीखालच्या नळांवर बायका होत्या, पण रांग नव्हती. डोंगराळ वस्तीसाठी याहून शहाणी सोय मी पाहिलेली नाही. अट एवढीच की पंप बिघडला तर दुरुस्तीला माणूस यायला हवा आणि कूपनलिकेला पाणी टिकायला हवे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जलजीवन मिशन सुरू झाले तेव्हा देशातल्या सुमारे १७ टक्के ग्रामीण घरांत नळ होता. आज हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर नोंदवले जाते. काम मोठे आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण नोंद नळाची होते, आणि त्या वहीत झिरा कुठे मांडायचा ते ठरलेले नाही.

गुरुवार : प्रकाशा

डोंगर उतरून शहाद्याजवळ प्रकाशाला आलो. तापी आणि गोमाईच्या संगमावरचे हे तीर्थक्षेत्र, दक्षिण काशी म्हणून ओळखले जाणारे. घाटावर केदारेश्वराचे दर्शन घेतले. समोर बॅरेजमुळे अडलेले तापीचे पाणी दोन्ही काठ धरून उभे होते. एप्रिलच्या अखेरीकडे एवढे पाणी पाहून कालच्या वाटीची आठवण टाळता येत नव्हती.

चहाच्या टपरीवर काठावरचे दोन शेतकरी भेटले. प्रकाशा आणि सारंगखेडा ही बॅरेजेस झाली, पाणी अडले. पण ते शेतापर्यंत चढवणाऱ्या उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षे बंद राहिल्या आणि त्यांच्या दुरुस्तीची वाट पाहण्यात एक पिढी गेली, असे त्यांचे म्हणणे. मित्राने पंपांची अश्वशक्ती, वीजबिलाची थकबाकी आणि गंजलेल्या जलवाहिन्या यांचा पाढा वाचायला सुरुवात केली, तसे त्यांतल्या एकाने त्याला मध्येच थांबवले आणि विचारले, ‘‘साहेब, बिल कोनी भरायचं ते आधी सांगा, मंग पंपाचं बोलू.’’ त्यावर तासभर चर्चा झाली. पाणीपट्टी क्षेत्रावर घ्यावी की मोजून, संस्थेने भरावी की शेतकऱ्याने, पहिला हक्क टोकाच्या गावाचा की तोंडाच्या. दोघेही शेवटी म्हणाले की पांझरेसारखा पाटकरी नेमला तर त्याच्या पगाराचा वाटा द्यायला त्यांची ना नाही, मात्र तो पाटकरी दोघांच्याही गावचा नसावा.

नंदुरबारहून सुरत-भुसावळ मार्गावरची संध्याकाळची गाडी सोयीची पडते. उन्हाळ्यात या मार्गावर प्रवास करणार असाल तर पाण्याच्या दोन बाटल्या घरूनच भरून घ्याव्यात, आणि गावातल्या कोणाच्या घरी तांब्या पुढे आला तर तो दोन घोटांपुरताच रिकामा करावा. उरलेले पाणी त्या घरात वाया जाणार नाही.